बालाघाटची सीताफळे आणि आमच्या परसातील झाड

आमची कुलस्वामिनी अंबाजोगाईची श्रीयोगेश्वरी. कोकणस्थांची कितीतरी घराणी कोकण सोडून देशावर आली, देशावरून मुंबईस गेली, आणि आता तर सातासमुद्रापलीकडे पोहोचली; तथापि घरात मंगलकार्य झाले की नवदांपत्यास घेऊन बीड जिल्ह्यातील या डोंगराळ भागातल्या गावी जावे व देवीची ओटी भरून यावे, हा प्रघात पुष्कळ घरांतून अद्यापि चालू आहे. समुद्राकाठच्या लोकांची देवी समुद्रापासून इतक्या दूर कशी, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळे लोक निरनिराळी देतात. त्या वादात शिरण्याचे आमचे प्रयोजन नाही. गेल्या वर्षीच्या आश्विनात आम्ही तेथे गेलो ते पुतण्याच्या विवाहानंतरच्या दर्शनासाठी. परंतु मनात आणखी एक काम होते, आणि ते परसातल्या सीताफळाच्या झाडाचे होते.

या झाडाची हकीकत थोडक्यात अशी. चौदा वर्षांपूर्वी मातोश्री देवदर्शनास गेल्या असता प्रसादाचे एक सीताफळ घेऊन आल्या. फळ सर्वांनी वाटून खाल्ले आणि बिया त्यांनी कुंडीत पेरल्या. त्यांतले एक रोप पुण्यातील आमच्या घराच्या परसात, न्हाणीचे पाणी वाहते त्या कडेला लावले. चौथ्या वर्षी त्यास फळ धरले, आणि पुढे काही वर्षे नवरात्र संपता संपता घरच्या सीताफळांचा नैवेद्य दाखविण्याचे भाग्य आम्हांस लाभले. अलीकडे तीन वर्षे मात्र झाडाने असहकार पुकारला. वैशाखात आलेला फुलोरा गळून जाई. जी फळे धरत ती एका बाजूस फुगीर व दुसऱ्या बाजूस चपटी निघत. कित्येक फळे सुपारीएवढी होऊन काळी ठिक्कर पडत आणि फांदीवरच दगडासारखी वाळून राहत. काहींच्या खवल्यांमध्ये कापसासारखी पांढरी कीड साचे. यांतून वाचलेली फळे पावसाने तडकत, किंवा काढून ठेवली तर पिकण्याऐवजी सुरकुतून जात. आणि एखादे पिकलेच तर त्याची चव पाणचट.

थोरल्या बंधूंस त्या जागेवर मोटारीसाठी पत्र्याची शेड उभारावयाची होती. झाड फळ देईना, तेव्हा त्यांच्या म्हणण्यास जोर चढला आणि एके दिवशी कुऱ्हाडवाल्यास बोलावण्यापर्यंत मजल गेली. मातोश्री फारशा बोलल्या नाहीत. “देवीच्या गावाहून आलेलं झाड आहे, तोडायचं तर आधी तिला सांगून या,” एवढेच त्या म्हणाल्या. बंधूंनाही ते मोडवेना. येणेप्रमाणे नवदांपत्य, मातोश्री, थोरले बंधू आणि झाडाचा प्रश्न, असे सर्व मिळून आमचे प्रस्थान झाले.

पुण्याहून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, तेथून जामखेड व पाटोदा असा आमचा मार्ग होता. पाटोदा तालुक्यात शिरले की बालाघाटचे पठार लागते. सह्याद्रीची उंच शिखरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हा डोंगर प्रथमदर्शनी डोंगर वाटणारच नाही. लांबच लांब सपाट माथे, त्यांच्या कडांना उतरलेल्या मुरमाड टेकड्या, मधून मधून कोरड्या ओढ्यांच्या घळी, असे याचे स्वरूप आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्याचीही शाश्वती नाही; दुष्काळ हा या मुलखाचा जुना सोबती. पण भाद्रपद-आश्विनात हेच माळ हिरवे होतात, आणि मांजरसुंब्यापासून नेकनूर-केजकडे जाऊ लागले की उतारांवर दगडांच्या सांदीतून ठेंगणी, पसरट सीताफळीची झाडे डोकावू लागतात. रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसलेल्या असतात. या झाडाचा पाला शेळ्यामेंढ्या तोंडात धरीत नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या टेकडीवरही ते टिकून राहते, त्याचे हे एक कारण आहे.

सीताफळ हे नाव ऐकून वनवासातल्या सीतामाईशी त्याचा संबंध जोडावा असे कोणासही वाटेल. जनरल कनिंगहॅम यांनी तर मथुरा व भारहूत येथील प्राचीन शिल्पांत हे फळ ओळखल्याचे लिहिले होते. तथापि वनस्पतिशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण निर्णय असा की, याचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात, आणि पोर्तुगीज दर्यावर्दींच्या मार्फत ते इकडे आले असावे. परका पाहुणा घरात इतका रुळला की त्यास माहेरचे नावही मिळाले! २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले; म्हणजे या मातीत व या हवेत पिकलेल्या फळाचे वेगळेपण कायद्यानेही मान्य झाले.

अंबाजोगाईस पोहोचल्यावर प्रथम देवीचे दर्शन घेतले. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद असे होते. परंतु लोकांच्या तोंडी जोगाईचे आंबे हे नाव राहिले ते राहिलेच. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांचे स्थान, आणि जयंती नदीच्या काठची कातळात कोरलेली लेणी पाहून आम्ही उतरलो होतो तेथे परतलो. या लेण्यांस कोणी हत्तीखाना म्हणतात, कोणी जोगाईचा मांडव. परळीच्या वैजनाथाशी देवीचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. ती ऐकून मातोश्री सहज म्हणाल्या, “आपल्या झाडाचंही असंच काही झालंय का? मुहूर्त टळून फळांचे दगड होतायत?” सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी कळले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारूरकडे गेलो. येथील किल्ला आदिलशाहीतील किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास बांधविला. बाजारात या गावाच्या नावाची सीताफळे विशेष नावाजली जातात. किल्ल्याजवळच्या उतारावर एक वयस्क बाई आपल्या सुनेसह फळे उतरवीत होती. मातोश्रींनी तिच्याजवळ बसकण मारली आणि घरचे झाड कसे बिघडले ते सांगितले. बाईने हातातली पाटी खाली ठेवून विचारले, “माय, तुमच्या झाडाला पाणी कवा घालता?”

“रोजच जातं, न्हाणीचं पाणी तिकडेच वाहतं.”

“मंग ते झोपतंय कवा?”

आम्ही निरुत्तर झालो. तिने आम्हांस तिच्या झाडांतून फिरविले, आणि त्या फेरीत आमचा एक मोठा भ्रम दूर झाला. बालाघाटची झाडे निर्दोष फळे देतात आणि आमचेच झाड काय ते अभागी, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्या डोंगरावरही वाकडी फळे होती, तडकलेली होती, काळे दगडही फांद्यांना लटकत होते. पाटीत येतात ती निवडलेली फळे. बाकीची झाडावरच राहतात, किंवा घरची मुले खातात. फरक एवढाच की तेथे दोष थोडे होते, आमच्याकडे तेच अधिक. आणि प्रत्येक दोष कोणत्या महिन्यात काय चुकले हे सांगत होता. “फळ फोडून बगा माय, समदं आत लिवलेलं असतंय,” असे म्हणून तिने एक वाकडे फळ दोन्ही अंगठ्यांनी उघडले. फुगीर बाजूस गराच्या पाकळ्या व काळ्या बिया. चपट्या बाजूस बी नाही, म्हणून गरही नाही.

या एका फळात सीताफळाचे सारे शास्त्र आहे. ज्यास आपण एक फळ म्हणतो ते वस्तुतः अनेक लहान फळांचा एकजीव झालेला घोस होय. फुलाच्या मध्यभागी पुष्कळ स्त्रीकेसर असतात. ज्यांस पराग पोहोचला त्यांत बी धरते व गर भरतो, ज्यांस पोहोचला नाही ते मिटून जातात. फळ वाकडे होते ते यामुळे. या फुलाची अडचण अशी की त्यातील स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग मागाहून सुटतो. स्वतःचा पराग स्वतःस वेळेवर मिळत नाही. एका फुलातून दुसऱ्या फुलात पराग नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात. ते सडक्या फळांत व पालापाचोळ्यात राहतात. शिवाय हवा कोरडी व तप्त असेल तर फुलातील चिकट ओलावा सुकतो आणि आलेला परागही रुजत नाही. म्हणून वैशाखातला फुलोरा गळतो व मृगाच्या पावसानंतर आलेला टिकतो. फुलापासून फळ तयार होण्यास सुमारे चार महिने लागतात. ज्येष्ठ-आषाढात धरलेले फळ आश्विन-कार्तिकात हाती येते. मातोश्रींचा मुहूर्त हा असा खरा ठरला.

दगड होण्याची गोष्ट निराळी. झाडास पोसवतील त्याहून अधिक फळे धरली, किंवा फळ वाढीला लागले असता पावसाने दीर्घ ओढ दिली, तर मागून आलेली लहान फळे उपाशी राहतात, काळी व टणक होतात आणि गळून न पडता पुढल्या वर्षापर्यंत लटकत राहतात. बुरशीनेही फळ काळे पडते. परंतु त्याचा डाग एका ठिकाणी सुरू होऊन पसरत जातो व त्या जागी फळ मऊ किंवा सडके होते. सबंध फळ लहानपणीच कोरडे, कठीण झाले असेल तर ती बहुधा उपासमार समजावी. दोन्ही प्रकारांत अशी फळे हिवाळ्यात उतरवून परसाबाहेर नष्ट करणे हेच श्रेयस्कर, कारण रोगाची बीजे त्यांत दडून राहतात.

बाईंनी आणखी एक गोष्ट सहजगत्या सांगितली. दिवाळी झाली की त्यांचे घर ऊसतोडीस साखर कारखान्यावर जाते. धारूर-केजकडील हजारो कुटुंबांची हीच रीत आहे. आश्विनात सीताफळाचे चार पैसे हाती येतात, आणि मग सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोयता चालवावयाचा. त्या काळात झाडांकडे पाहणारे कोणी नसते. पाने झडतात, झाड उघडे पडते, आणि पाऊस आला की नव्या फुटीसह फुलते. झाडाला लागणारी विश्रांती अशी त्यास आपोआप मिळते. त्याच्या मालकिणीस ती मिळत नाही, हे मात्र आम्हांस तेथून निघतानाही विसरता आले नाही. मातोश्रींनी तिच्या सुनेस खण दिला आणि दोन पाट्या घेऊन, घासाघीस न करता, सांगेल ती किंमत दिली.

अंबाजोगाईस परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. याच डोंगरांतील झाडांमधून निवडलेला ‘धारूर-६’ हा वाण या केंद्राचे कार्य होय. बीपासून वाढविलेले झाड मातृवृक्षासारखेच निघेल अशी खात्री नसते. म्हणून चांगल्या झाडाचे कलम करावे लागते. ज्यांस नवे झाड लावावयाचे असेल त्यांनी प्रसादाच्या बीवर विसंबून न राहता कलम लावावे. गर कमी व बिया फार हा दोष जातीचा असतो. तो खतापाण्याने जात नाही. आमच्या झाडाच्या जातीत मात्र खोट नव्हती, कारण पहिली काही वर्षे त्याने उत्तम फळ दिलेच होते. खोट आमच्या वागण्यात होती.

घरी परतल्यावर थोरल्या बंधूंसह आम्ही झाडाभोवती उभे राहून अपराधांची यादी केली. पहिला अपराध बारमाही पाणी. त्यामुळे झाड कधी झोपले नाही, उन्हाळ्यात अवेळी फुलले आणि ती फुले वाया गेली. शिवाय पाण्याने फुगलेल्या फळात गोडी उतरली नाही. दुसरा अपराध स्वच्छतेचा! परसातला प्रत्येक पाचोळा रोज झाडून काढण्याचा आमच्या घरी कटाक्ष. त्याबरोबर भुंगेऱ्यांचा निवाराही आम्ही झाडून टाकीत होतो आणि झाडाचे मूळ उघडे पाडीत होतो. तिसरा अपराध औषधाचा. पांढरी कीड दिसली की चिरंजीव बाजारातले जालीम औषध फवारीत. या किडीस शेतकरी पिठ्या ढेकूण म्हणतात. तिचा फडशा पाडणारा एक ढालकिडा आहे, आणि त्याची अळी स्वतःच कापसासारखी पांढरी, झिपरी दिसते. म्हणून पुष्कळ लोक मित्रास शत्रू समजून मारतात. खूण एवढीच की ही अळी आकाराने मोठी असून भराभर चालते, पिठ्या ढेकूण बहुधा जागीच चिकटून असतो. चौथा अपराध उतावळेपणाचा. पाखरांच्या भीतीने आम्ही फळ कच्चेच काढीत होतो. खवल्यांमधल्या रेघा रुंद होऊन फिकट पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे ज्यास डोळे उघडणे म्हणतात ते झाले, की फळ काढावे. ते घरात तीनचार दिवसांत पिकते. त्याआधी काढलेले फळ सुरकुतते, पिकत नाही. फार उशीर केला तर ते झाडावरच तडकते.

उपायही मग सरळच होते. न्हाणीचे पाणी दुसरीकडे वळविले. पौष-माघात वाळक्या व आत गर्दी करणाऱ्या फांद्या छाटून मधोमध ऊन शिरू दिले, लटकलेले दगड उतरविले. उन्हाळाभर झाडास पाणी दिले नाही. पावसाच्या तोंडाशी आळे करून कुजलेले शेणखत घातले आणि वर पाचोळ्याचा जाड थर पसरला. यायोगे ओल एकसारखी राहते, आणि कोरड्या आठवड्यानंतर एकदम पाऊस पडून फळ तडकण्याचा प्रसंग कमी येतो. पावसाने ओढ दिली तेव्हा मात्र आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले. मुंग्या पिठ्या ढेकणांस झाडावर नेतात व त्यांचे रक्षण करतात, म्हणून खोडास वंगण लावलेली पट्टी गुंडाळली. किडीवर पाण्याची जोराची धार व साबणाचे सौम्य पाणी एवढ्यावरच भागविले. एका फांदीवर दाटीने धरलेली फळे विरळ केली. हे करताना सर्वांचा जीव तुटला, परंतु केले.

राहिले परागाचे काम. ते नवी सूनबाई व आमची धाकटी नात यांनी पत्करले. सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पूर्ण उमललेल्या व पराग सुटलेल्या फुलांतून ती भुकटी मऊ कुंचल्याने बशीत गोळा करावयाची, आणि ज्यांच्या पाकळ्या नुकत्या विलगू लागल्या आहेत अशा फुलांच्या आत हलकेच फिरवावयाची. आषाढातले पंधरा दिवस हा उद्योग चालला होता. चित्रकलेच्या कुंचल्याने सीताफळ रंगवितात असे मुलीने शाळेत सांगितले म्हणे!

यंदाच्या आश्विनात फळ आले. सर्वच निर्दोष आले असे लिहिणे खोटे ठरेल. पाचसहा फळांचे दगड झालेच, दोनतीन पावसाने तडकली, आणि पिठ्या ढेकूण अजून अधूनमधून दर्शन देतो. परंतु पाटी भरली. फळे बहुतेक गोल, भरलेली व गोड निघाली. ती शीतपेटीत ठेवली नाहीत, कारण थंडीने त्यांची साल काळी पडते व पिकणे बिघडते. काहींची बासुंदी झाली. तेथेही एक पथ्य आहे: गर उकळल्यास कडवटपणा येतो, म्हणून दूध आटवून पूर्ण निवल्यावरच तो मिसळावा. बिया मात्र मुलांच्या हाती राहू देऊ नयेत. उवांवर त्यांची पूड लावण्याची जुनी चाल आहे, परंतु ती डोळ्यांत गेल्यास बुबुळास गंभीर इजा होते.

नैवेद्याच्या ताटासाठी थोरल्या बंधूंनी सर्वांत मोठे व सुबक फळ निवडून ठेवले होते. मातोश्रींनी ते बाजूस सारले आणि एका अंगाने चपटे असलेले एक लहानसे फळ देवीपुढे ठेवले. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “धारूरच्या त्या बाईनं असंच फळ उघडून दाखवलं होतं. तिच्या नावानं.” त्या वेळी ती बाई दिवाळीनंतरच्या प्रवासाची तयारी करीत असेल.

बंधूंची मोटार अद्यापि गल्लीतच उभी असते. शेडचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. उलट परवा पाचोळा झाडू लागलेल्या गड्यास त्यांनीच थांबविले.